दहाव्या चार्ल्सला दोन वाक्यांत संपवू नका : इतिहासाच्या पाठ्यपुस्तककारांना खुले पत्र

इतिहासाची पाठ्यपुस्तके आणि स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शके लिहिणाऱ्या सर्व लेखक-संपादकांस,

सप्रेम नमस्कार.

1815 ते 1848 या काळातील युरोपवर आपण जे प्रकरण लिहिता, त्यात फ्रान्सच्या दहाव्या चार्ल्सच्या वाट्याला साधारणपणे दोन वाक्ये येतात. तो प्रतिगामी होता, हे पहिले; जुलै 1830 मध्ये पॅरिसच्या जनतेने त्याला हाकलले आणि लुई फिलिप गादीवर आला, हे दुसरे. जागा उरलीच तर फ्रेंच मुत्सद्दी तालेराँच्या नावावर चालणारे ते प्रसिद्ध वचन जोडले जाते, की बूर्बाँ या फ्रान्सच्या राजघराण्यातले लोक काही शिकले नाहीत आणि काही विसरलेही नाहीत. ‘सुंभ जळला तरी पीळ जात नाही’ ही आपली म्हण विद्यार्थ्यांना ठाऊक असल्यामुळे ते वचन त्यांना लगेच पटते, आणि राजा मूर्ख होता म्हणून बुडाला असा निष्कर्ष वहीत उतरतो. माझी तक्रार या निष्कर्षाबद्दल आहे. चार्ल्सने इतिहासातून धडा घेतला होता, फार पक्का घेतला होता. तो चुकीचा होता, ही गोष्ट वेगळी. आणि 1814 ची सनद, म्हणजे तेव्हाची राज्यघटना, उलथवताना आपण सनदेतलेच एक कलम पाळत आहोत, अशी त्याची खात्री होती. ही खात्री कुठून आली, हे सांगितल्याशिवाय त्याचे पतन विद्यार्थ्याला समजणे शक्य नाही.

सोळाव्या लुईचा हा धाकटा भाऊ 1757 मध्ये व्हर्सायला जन्मला आणि आर्त्वाचा काउंट म्हणून ओळखला जाऊ लागला. बास्तीयचा (बॅस्टिलचा) तुरुंग पडल्यानंतर दोन-तीन दिवसांतच, जुलै 1789 मध्ये, त्याने फ्रान्स सोडले आणि 1814 पर्यंतची जवळजवळ पंचवीस वर्षे परदेशात काढली. त्यांतली काही वर्षे एडिंबरोच्या होलीरूड राजवाड्यात गेली, कारण त्या आवारात कर्जदाराला अटक करता येत नसे आणि याच्यामागे सावकार लागले होते. मोठ्या भावाचे डोके गिलोटिनखाली गेले ते त्याने जुलूम केला म्हणून नव्हे, तर तो एकेक पाऊल मागे सरत गेला म्हणून, अशी चार्ल्सची समजूत झाली होती आणि शेवटपर्यंत ती बदलली नाही. पहिली सवलत दिली तिथेच भाऊ संपला, असे तो म्हणत असे. 1830 च्या उन्हाळ्यात त्याने जे केले ते या एका समजुतीतून केले. तेव्हा त्याच्या हट्टाला स्वभावदोष म्हणून सोडून देण्यापेक्षा 1789 चा तो एक विशिष्ट अर्थ होता, असे लिहिणे अधिक न्याय्य ठरेल.

आता सनदेकडे येतो, कारण आपल्या प्रकरणांत तिचा नुसता उल्लेख असतो. नेपोलियनच्या पराभवानंतर गादीवर आलेल्या अठराव्या लुईने, म्हणजे चार्ल्सच्याच मधल्या भावाने, 4 जून 1814 रोजी राज्यघटनेसारखा एक दस्तऐवज दिला. ‘दिला’ हे क्रियापद इथे शब्दशः घ्यावे लागते. राष्ट्राने ही घटना केलेली नाही, राजाने स्वेच्छेने प्रजेला बहाल केलेली आहे, असे तिच्या प्रस्तावनेतच होते. आणि तिच्यावरची तारीख राज्यारोहणाचे एकोणिसावे वर्ष अशी होती, जणू मधली क्रांतीची आणि नेपोलियनची वर्षे घडलीच नव्हती. तरी मजकूर उदार होता. कायद्यासमोर समानता, धर्मस्वातंत्र्य, क्रांतीत विकल्या गेलेल्या जमिनींवरच्या नव्या मालकांच्या हक्कांची हमी आणि दोन सभागृहांचे विधिमंडळ या सर्व गोष्टी तीत होत्या. मतदानाला मात्र तीस वर्षे वय आणि वर्षाला 300 फ्रँक प्रत्यक्ष कर अशी अट होती, आणि त्यामुळे तीन कोटींहून अधिक लोकसंख्येच्या देशात मतदार जेमतेम लाखाच्या आसपास होते.

या सनदेत चौदावे कलम होते. राजा हा राष्ट्राचा सर्वोच्च प्रमुख, सेनेचा अधिपती, युद्ध आणि तह करणारा, असे सांगून झाल्यावर त्या कलमाच्या शेवटी होते की कायद्यांच्या अंमलबजावणीसाठी आणि राज्याच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक ते नियम आणि वटहुकूम राजा काढील. ‘राज्याच्या सुरक्षिततेसाठी’ हे शब्द ज्याने घातले त्याच्या मनात काय होते याचा वाद फ्रान्समध्ये पुढची सोळा वर्षे चालला. उदारमतवाद्यांचे म्हणणे, कायदे अमलात आणताना लागणारे तपशील ठरवण्यापुरताच हा अधिकार आहे. राजपक्षाचे म्हणणे, संकटकाळी कायद्याच्या वर जाण्याचा हा राखीव अधिकार आहे. पण ज्याने सनद दिली त्याला ती गुंडाळण्याचाही हक्क उरतो, ही समजूत प्रस्तावनेतूनच निघत होती, आणि चार्ल्सने ती प्रस्तावना आपल्यापैकी बहुतेकांपेक्षा मन लावून वाचली होती.

16 सप्टेंबर 1824 रोजी अठरावा लुई वारला. आजारी, स्थूल आणि धोरणी असा हा राजा एकोणिसाव्या शतकातला राज्यावर असताना मरण पावलेला एकमेव फ्रेंच राज्यकर्ता ठरला असता, पण पुढे 1894 मध्ये एका राष्ट्राध्यक्षाचा खून झाला आणि 1899 मध्ये दुसरा पदावर असतानाच वारला. राजांपुरते बोलायचे तर मात्र तो एकमेवच. सहासष्ट वर्षांचा, उंच, देखणा, घोड्यावर रुबाबात बसणारा चार्ल्स गादीवर आला तेव्हा पॅरिसने त्याचे मनापासून स्वागत केले होते, हे आपल्या पुस्तकांत कुठेच नसते. पहिल्याच पंधरवड्यात त्याने वृत्तपत्रांवरची पूर्वतपासणी उठवली. सहा वर्षांनी ज्या छपाईवरून त्याची गादी गेली, तिला मोकळीक देऊन त्याने राज्याची सुरुवात केली होती.

एप्रिल 1825 या एका महिन्यात तीन गोष्टी झाल्या आणि त्या एकत्र शिकवायला हव्यात. पहिली, चर्चमधील पवित्र प्रसादाची विटंबना करणाऱ्याला देहदंड देणारा कायदा. तो प्रत्यक्षात कुणाला फासावर देण्यासाठी कधी वापरला गेला नाही. पण सनदेने धर्मस्वातंत्र्य दिलेल्या देशात एका पंथाची श्रद्धा फौजदारी कायद्यात आली, याचा धक्का प्रॉटेस्टंटांना आणि मोकळ्या विचारांच्या लोकांना मोठा बसला. दुसरी, क्रांतीत देश सोडून गेलेल्या सरदार-जमीनदारांना त्यांच्या जप्त मालमत्तेची भरपाई. तिला लोक ‘अब्जाची भरपाई’ म्हणू लागले. खरे तर ती तीन टक्के व्याजाच्या सरकारी रोख्यांतून द्यायची होती आणि सरकारवर वर्षाला तीन कोटी फ्रँक व्याजाचा बोजा येणार होता. या कायद्याला नुसते ‘सरंजामशाहीचे पुनरुज्जीवन’ म्हणून मोकळे होऊ नका, अशी विनंती आहे. ज्या शेतकऱ्यांनी आणि व्यापाऱ्यांनी त्या जमिनी विकत घेतल्या होत्या, त्यांच्या मालकीवरचे सावट या भरपाईने कायमचे दूर झाले, आणि माझ्या मते बूर्बाँच्या राजवटीतला हा सर्वांत समंजस कायदा होता. भरपाई घेणाऱ्यांत ओर्लेआँचा ड्यूक लुई फिलिप होता आणि उदारमतवाद्यांचा पुढारी लाफायेतही होता, हे वाचून विद्यार्थ्यांना मौज वाटेल. कायद्याने राजाचे नुकसान केले ते दुसऱ्या वाटेने. जुन्या पाच टक्क्यांच्या रोख्यांचे व्याज कमी करण्याची योजना सरकारने त्याच सुमारास पुढे केली, आणि सरदारांचे पैसे आपल्या खिशातून जात आहेत असे पॅरिसच्या रोखेधारक मध्यमवर्गाला वाटू लागले.

तिसरी गोष्ट हैतीची, आणि ती तर आपल्या एकाही प्रकरणात माझ्या पाहण्यात नाही. गुलामांनी बंड करून फ्रेंच सैन्याचा पराभव केला आणि 1804 मध्ये हैती स्वतंत्र झाला. 17 एप्रिल 1825 च्या वटहुकमाने चार्ल्सने त्या स्वातंत्र्याला मान्यता दिली, ती दोन अटींवर : जुन्या मळेवाल्यांना पाच हप्त्यांत 15 कोटी फ्रँक द्यायचे आणि फ्रेंच मालावर निम्मीच जकात घ्यायची. हा कागद फ्रेंच अधिकाऱ्याने हैतीत नेला आणि पाठोपाठ युद्धनौकांचा ताफा बंदरासमोर उभा राहिला. राष्ट्राध्यक्ष बोयेने त्या जुलैमध्ये अटी मान्य केल्या. पहिल्या हप्त्यासाठी पॅरिसच्याच सावकारांकडून कर्ज काढावे लागले; 1838 मध्ये उरलेली रक्कम कमी करून मिळाली, तरी दंडाची आणि त्यापायी काढलेल्या कर्जांची फेड हैतीच्या पुढच्या पिढ्या करीत राहिल्या. स्वतःच्या देहाची किंमत जुन्या मालकाला चुकवणाऱ्या या देशाची हकीकत वसाहतवादाच्या कुठल्याही प्रकरणात शोभेल. पण मी ती इथे आणली आहे ती आणखी एका कारणाने. त्या वटहुकमाच्या आरंभी आधार म्हणून सनदेच्या ज्या दोन कलमांचा उल्लेख आहे, त्यांतले पहिले चौदावे आहे. विधिमंडळाला न विचारता एका देशाचे भवितव्य कागदावर सही करून ठरवता येते, ही सवय राजाच्या हाताला 1830 च्या पाच वर्षे आधीच लागली होती.

त्याच वर्षी 29 मे रोजी रँसच्या कॅथीड्रलमध्ये राज्याभिषेक झाला. फ्रान्सच्या राजाचा हा शेवटचा राज्याभिषेक. अठराव्या लुईने हा सोहळा टाळला होता. राजाच्या स्पर्शाने गंडमाळा बरी होते या मध्ययुगीन श्रद्धेनुसार चार्ल्सने दोन दिवसांनी शंभरांहून अधिक रोग्यांना स्पर्शही केला. सनदेचे पालन करण्याची शपथ त्याने याच समारंभात घेतली होती आणि ती त्याने खोटेपणाने घेतली, असे मला वाटत नाही.

पुढच्या दोन वर्षांत पंतप्रधान व्हिलेलने आणलेली दोन महत्त्वाची विधेयके अडली. थोरल्या मुलाला वारसाहक्कात झुकते माप देणारे विधेयक 1826 मध्ये खुद्द सरदारांच्या सभागृहाने फेटाळले, आणि छपाईवर जाचक बंधने घालणारे विधेयक 1827 मध्ये मागे घ्यावे लागले, तेव्हा पॅरिसमध्ये लोकांनी घरांवर दिवे लावले. त्याच महिन्यात राष्ट्रीय रक्षक दलाच्या संचलनाच्या वेळी शिपायांनी मंत्र्यांविरुद्ध आणि जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाविरुद्ध घोषणा दिल्या. राजाने पॅरिसचे ते दल बरखास्त केले आणि त्यांच्या बंदुका त्यांच्याकडेच राहू दिल्या. दुकानदार, कारकून, वकील अशा मध्यमवर्गीय माणसांचे हे दल राजाच्या आणि रस्त्यावरच्या गर्दीच्या मध्ये उभे राहत असे. ते नाहीसे झाले आणि 1830 च्या जुलैत त्यातलेच कित्येक गणवेश पेटीतून काढून, त्याच बंदुका घेऊन उलट्या बाजूला उभे राहिले. निवडणूक हरल्यावर व्हिलेल 1828 च्या आरंभी गेला, मार्तिन्याक नावाच्या मवाळ मंत्र्याने दीड वर्ष तोल सांभाळला, आणि ऑगस्ट 1829 मध्ये राजाने त्यालाही काढून आपल्या मनातले मंत्रिमंडळ आणले.

त्या मंत्रिमंडळाचा प्रमुख ज्यूल द पोलिन्याक हा सोळाव्या लुईची राणी मारी आंत्वानेत हिच्या लाडक्या सखीचा मुलगा. युद्धमंत्री बूरमाँ हा वॉटर्लूच्या मोहिमेत लढाईच्या तोंडावर नेपोलियनला सोडून गेलेला सेनापती. प्रतिनिधिगृहाचा या मंडळींवर विश्वास नव्हता. मार्च 1830 मध्ये 181 विरुद्ध 221 मतांनी सभागृहाने राजाला निवेदन दिले, की लोकांच्या इच्छा आणि सरकारची धोरणे यांत आज मेळ राहिलेला नाही. राजाने सभागृह विसर्जित केले आणि उन्हाळ्यात निवडणूक घेतली. प्रचाराच्या काळातच बूरमाँच्या हाताखाली सदतीस हजारांच्या आसपास फौज अल्जीरियात उतरली आणि 5 जुलै रोजी अल्जिअर्स पडले. विजयाच्या बातमीने मते फिरतील अशी दरबाराची अपेक्षा होती. प्रत्यक्षात विरोधकांची संख्या 221 वरून 270 च्या वर गेली. अल्जीरियावरची फ्रेंच सत्ता पुढे 1962 पर्यंत टिकली आणि ती आणणारा राजा त्या विजयानंतर महिनाभरही गादीवर टिकला नाही. या दोन गोष्टी आपण दोन वेगळ्या प्रकरणांत टाकता, म्हणून पॅरिस पेटले तेव्हा उत्तम सैन्य भूमध्य समुद्रापलीकडे होते, हा साधा दुवा विद्यार्थ्याच्या हातून सुटतो.

25 जुलै रोजी सँ-क्लूच्या राजवाड्यात राजाने वटहुकमांवर सही केली. परवानगीशिवाय वृत्तपत्र छापायला बंदी. नव्या सभागृहाची एकही बैठक झालेली नसताना त्याचे विसर्जन. प्रतिनिधींची संख्या कमी करून व्यापार-उद्योगावरील कर मतदानाच्या पात्रतेतून वगळणे, म्हणजे व्यापारी आणि कारखानदार यांना यादीबाहेर काढणे. आणि सप्टेंबरात नवी निवडणूक. सोबतच्या मंत्र्यांच्या अहवालात चौदाव्या कलमाचा आधार स्पष्टपणे घेतला होता, आणि युक्तिवाद असा होता की हे कलम संस्था बदलण्यासाठी नसून त्या अधिक बळकट करण्यासाठी राजाला अधिकार देते. हा अहवाल मराठीत आणून परिशिष्टात छापावा, असे मला फार वाटते. तो वाचताना कुठेही जुलमी राजाचा आवाज ऐकू येत नाही. कायद्याच्या भाषेत, व्यवस्थेची काळजी वाहत, विधिमंडळाला आणि वृत्तपत्रांना बाजूला सारण्याचे कारण शांतपणे मांडलेले दिसते.

26 जुलैच्या सोमवारी ‘मोनितर’ या सरकारी पत्रात हे छापून आले आणि राजा राँबुइयेला शिकारीसाठी गेला. पॅरिसच्या रक्षणाची काहीच विशेष तयारी नव्हती. सैन्याची सूत्रे मार्शल मार्माँकडे दिली गेली, ज्याला 1814 मधील शरणागतीमुळे सारे पॅरिस गद्दार समजत होते. पत्रकारांनी त्याच दिवशी त्येर या पत्रकाराने लिहिलेल्या निषेधावर सह्या केल्या. दुसऱ्या दिवशी पोलीस एका वृत्तपत्राचे छापखाने बंद करायला गेले तेव्हा कुलूप तोडण्यासाठी बोलावलेल्या कारागिराने कायद्याचा हवाला ऐकून हातोडा उचलायला नकार दिला. छापखाने बंद झाल्यामुळे बेकार झालेले खिळे जुळवणारे रस्त्यावर होतेच. चकमकी सुरू असतानाच पॅरिसच्या व्यापारी न्यायालयाने छपाईबंदीचा वटहुकूम सनदेविरुद्ध असल्याने बंधनकारक नाही असा निकाल दिला. ज्या प्रश्नावर रस्त्यात रक्त सांडत होते, तो प्रश्न त्याच वेळी एका न्यायाधीशापुढे रीतसर चालला होता, यापेक्षा या क्रांतीचे स्वरूप सांगणारी दुसरी घटना मला माहीत नाही. 29 तारखेला लूव्र आणि तुइलरी हे राजवाडे पडले. बंडखोरांच्या बाजूचे सुमारे पाचशे लोक मेले. त्यांत सुतार, गवंडी, लोहार, छापखान्यातले कामगार पुष्कळ होते आणि मताधिकार त्यांच्यापैकी जवळजवळ कुणालाच नव्हता. क्रांतीनंतर कराची अट 300 वरून 200 फ्रँकवर आली, ती त्यांच्या उपयोगाची नव्हती.

राजाने वटहुकूम मागे घेतले तेव्हा उशीर झाला होता. 31 जुलैला लाफायेतने नगरभवनाच्या सज्जात क्रांतीच्या तिरंगी झेंड्यासह लुई फिलिपला मिठी मारली. 2 ऑगस्टला चार्ल्सने राँबुइयेहून नऊ वर्षांच्या नातवासाठी गादी सोडली आणि मुलालाही सोडायला लावली. त्या नातवाला कुणी राजा केले नाही. शेरबूरहून जहाजाने इंग्लंड, पुन्हा तेच होलीरूड, मग प्राग, आणि 6 नोव्हेंबर 1836 रोजी गोरित्झ येथे पटकीने मृत्यू, असा त्याचा उरलेला प्रवास झाला. आजच्या स्लोव्हेनियातल्या एका मठात त्याची कबर आहे.

आपल्याकडे ही बातमी कशी पोचली, याची एक नोंद देता आली तर पाहा. 1831 च्या आरंभी इंग्लंडला जाताना राममोहन रॉय यांनी आफ्रिकेच्या दक्षिण टोकाच्या केपच्या बंदरात फ्रेंच जहाजांवर नवा तिरंगा पाहिला, आणि पाय दुखावलेला असतानाही हट्टाने त्या जहाजांवर जाऊन अभिनंदन केले. बंगालमधल्या एका माणसाला पॅरिसच्या तीन दिवसांत आपलेही काही दिसले होते, हे कळले तर जुलै क्रांती मराठी विद्यार्थ्याला इतकी परकी वाटणार नाही.

माझ्या मागण्या अशा. हे प्रकरण राजाच्या स्वभावापासून सुरू न करता चौदाव्या कलमापासून सुरू करावे. हैती आणि अल्जीरिया त्याच प्रकरणात घ्यावेत. आणि 1814 चे चौदावे कलम व 14 ऑगस्ट 1830 च्या सुधारित सनदेतले तेच कलम (नव्या क्रमाने ते तेरावे झाले) शेजारी शेजारी छापावे. सुधारित सनदेतून ‘बहाल’ करण्याची प्रस्तावना काढून टाकली गेली, ‘राज्याच्या सुरक्षिततेसाठी’ हे शब्द गाळले गेले, आणि वटहुकमांनी कायदे कधीही स्थगित करता येणार नाहीत व त्यांच्या अंमलातून कुणाला सूटही देता येणार नाही, अशी भर घातली गेली. राज्यशास्त्राच्या पुस्तकात आपण भारतीय संविधानाचे 123 वे कलम शिकवताच : संसदेची दोन्ही सभागृहे चालू असताना राष्ट्रपतींचा अध्यादेश निघू शकत नाही, निघाला तर तो संसदेसमोर ठेवावा लागतो आणि अधिवेशन सुरू झाल्यावर सहा आठवड्यांत मंजुरी न मिळाल्यास तो संपतो. या अटी कशासाठी आहेत, असे वर्गात विचारले की मुले गप्प राहतात. फ्रान्सच्या त्या दोन कलमांचा अर्धा पानभर मजकूर समोर असेल, तर त्यांना बोलता येईल.

भाषांतराच्या कामात मदत लागल्यास मी आणि माझ्या विषयाचे काही सहकारी ती विनामोबदला करायला तयार आहोत.

आपला नम्र,
इतिहासाचा एक शिक्षक